पहिलीच्या बाईनं एम.एड. करावं, एम.ए. शिक्षणशास्त्र करावं, की गप बसावं?

मेळघाटची_बाई

नमस्कार मंडळी. इथं दोन वर्षांपासून नुसती वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तालुका धारणी, जिल्हा अमरावती. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, पट ३७. सरांकडे तिसरी-चौथी, पोषण आहाराचा हिशोब आणि ऑनलाइन माहित्या. माझ्याकडे पहिली-दुसरी. शिक्षण डी.एड., मग मुक्त विद्यापीठातून बी.ए. मराठी, ५४ टक्के. बी.एड. नाही. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीतून लागले, शिक्षण सेवक म्हणून तीन हजारांवर सुरुवात केली. आता वय ३८.

माझी वर्गातली सगळी पोट्टी कोरकू आहेत. कोरकू म्हणजे मराठीची किंवा हिंदीची बोली नव्हे बरं का. ती मुंडा कुळातली, संथाली-मुंडारीच्या घरातली भाषा. हे मला नोकरीला लागताना माहीत नव्हतं. डी.एड.ला कोणी सांगितलंही नव्हतं. तिथं आम्ही हर्बार्टच्या पायऱ्या पाठ केल्या आणि थर्माकोलची घरं बनवली.

पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. मी चित्रकार्ड दाखवायची. पेल्यात पाणी. "काय आहे हे?" पोट्टे एका सुरात, "डा!" मी म्हणायची, "पाणी. पाण्याचा प." दुसऱ्या दिवशी परत तेच कार्ड, परत "डा!" मला वाटायचं, ऐकतच नाहीत, लक्षच नाही यांचं. एकदोघांवर ओरडलेही. चौथ्या महिन्यात चौथीतली एक पोरगी दारातून म्हणाली, "बाई, आमच्यात पाण्याला डा म्हणतात." म्हणजे बाप्पा, चार महिने मी त्या लेकरांना डा दाखवून प शिकवत होते! आणि ती बरोबर उत्तर देत होती.

त्यानंतर मी एक वही केली. कोणत्या कार्डाला पोरं काय म्हणतात, ते लिहायची. मग असे शब्द शोधले जे दोन्हीकडे सारखेच चालतात. बस, बिस्कीट, मोबाईल, बाजार. म्हणून माझ्या वर्गात पहिलं अक्षर 'ब' असतं. बिस्किटाचा पुडा पुढं ठेवला की ब विसरायची कोणाची टाप नाही. आता अशा तीन वह्या झाल्यात.

मग आता हे डिग्रीचं काय काढलं? दिवाळीनंतर आमच्याकडं तालुक्याला भाषेचं प्रशिक्षण झालं. साधनव्यक्ती पडद्यावरचं वाचून दाखवत होते. मी विचारलं, "सर, मुलाला मराठीच येत नसेल तर या पायरीला काय करायचं?" ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्यांच्याशी जास्तीत जास्त मराठी बोला." पुढची स्लाइड. दोष त्यांचा नाही, तेही माझ्यासारखेच कुठून तरी ऐकून आलेले. पण घरी येताना एसटीत डोक्यात आलं, पहिलीच्या शिक्षकाला शिकवणारा माणूस पहिलीच्या वर्गात कधी उभा राहिलेला काहून नसतो? मला ते काम करायचंय. डी.एल.एड.च्या, म्हणजे आताच्या डी.एड.च्या, पोरापोरींना शिकवायचंय, पहिली कशी घ्यायची ते.

त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते एवढं कळलं. पुढं सगळा गोंधळ आहे. एम.एड. करू का? माझं बी.एड. नाही तर चालेल का? इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, एम.ए. एज्युकेशन? की बंगळूरला अझीम प्रेमजी विद्यापीठात दोन वर्षं जाऊन यावं? (हे लिहिताना स्वतःलाच हसू आलं. मुलगा सातवीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा परतवाड्याला.) इथून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात आहे, मधे घाट, आणि शाळेत मोबाईलला रेंज हवी तर टाकीवर चढावं लागतं.

ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. पगारवाढीसाठी विचारत नाही. वर्गात उपयोग होतो का, आणि पुढं दार उघडतं का, एवढंच.

---

फळापुसणी

मॅडम, तुमची कळकळ पोचली. पण आधी एक सांगा, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली का?

---

मेळघाटची_बाई

नाही सर. गेल्या वेळी बसले होते, ८६ आले. मला ९० लागतात. तो विषय मुद्दामच काढला नव्हता.

---

फळापुसणी

तोच आधी काढा. सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल तुम्हाला लागू होतो. ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. तुमची तर वीस वर्षं उरलीत. पंधरा वर्षं पहिलीला शिकवणाऱ्या बाईला बालमानसशास्त्राचे वैकल्पिक प्रश्न सोडवायला लावणं मलाही पटत नाही, पण आपल्या पटण्यावर काही नाही. पेपर एकमध्ये १५० पैकी ३० गुण बालमानसशास्त्राचे, दोन भाषांचे तीस-तीस, गणित तीस, परिसर तीस. चार गुण कुठं गेले ते बघा. बहुतेक गणितात किंवा इंग्रजीत गेले असतील.

आता एम.एड. बी.एड. नसलं तरी चालतं. शिक्षक घडवणाऱ्या अभ्यासक्रमांचे नियम ठरवणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांत डी.एल.एड. अधिक पदवी, दोन्हीत ५० टक्के, अशी पात्रता आहे. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आपल्याकडं प्रवेशाची सीईटी द्यावी लागते. पण अडचण पुढंच आहे. कोर्स दोन वर्षांचा, पूर्णवेळ, उपस्थिती ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९०. नोकरी करून हे होत नाही. "होतं हो, आमच्या कॉलेजात या, हजेरीचं बघू" असं सांगणारे भेटतील. आमच्याकडं एका गुरुजींनी तसं केलं. एकाच तारखेला शाळेच्या मस्टरवर सही आणि कॉलेजच्या मस्टरवरही सही. कोणीतरी माहिती अधिकारात दोन्ही मस्टर काढले. पुढं काय झालं ते लिहीत नाही, गुरुजी अजून नोकरीत आहेत एवढंच सांगतो. एम.एड. त्यांनी कुठं दाखवलेलं नाही.

आणि काहीही करा, प्रवेश घेण्याआधी परवानगी घ्या. गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत वर अर्ज, पोच घेऊन. नंतर मागितलेली परवानगी मिळत नाही, आणि परवानगीशिवाय घेतलेली पदवी सेवापुस्तकात चढवायला कारकून शंभर फेऱ्या मारायला लावतो.

निवडश्रेणीचं, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीचं, म्हणाल तर ती २४ वर्षांनंतर, म्हणजे तुम्हाला २०३४ ला, तीही वरिष्ठ श्रेणीतल्या २० टक्क्यांनाच. त्यासाठी आत्तापासून जीव काढू नका.

---

स्पष्टवक्ता_७०७

पगारात एक रुपया वाढणार नाही. बदलीत गुण मिळणार नाहीत. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही हे कोर्टानं ऑगस्ट २०२३ लाच सांगितलंय, म्हणजे तुमचं डी.एड. हीच खरी पुंजी. ती आहे तुमच्याकडं. वह्या छापून काढा, डिग्री कशाला?

---

माणदेशी_गुरुजी

ताई, मी इग्नूचं एम.ए. एज्युकेशन केलंय, माण तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर असताना. दोन वर्षांचं तीन वर्षांत झालं. चारपर्यंत चालतं, त्यामुळं घाई नसते. पदवीधर कोणीही चालतो. परीक्षा जूनला आणि डिसेंबरला, ७० टक्के वजन परीक्षेला, ३० स्वाध्यायांना. स्वाध्याय हातानं लिहायचे. माझी बायको म्हणायची, पोरांना गृहपाठ देता ना, भोगा आता.

माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. मी हिंदी घेतलं आणि पहिला महिना 'अधिगम' या शब्दाशी कुस्ती खेळण्यात गेला. आपण ज्याला अध्ययन म्हणतो तो त्यांचा अधिगम. 'अधिगमकर्ता' वाचलं की मला कुठल्या तरी यज्ञाचा यजमानच डोळ्यांपुढं यायचा. जमतं हळूहळू.

पहिल्या वर्षाचा एमईएस-०१३ हा पेपर, शिकणं आणि शिकणारा याबद्दलचा, तो तुम्हाला आवडेल. एमईएस-०१६ संशोधनाचा, तो रडवेल. दुसऱ्या वर्षी खरी निराशा झाली. विशेष विषय निवडायचा असतो आणि माझ्यापुढं पर्याय होते उच्च शिक्षण, दूरशिक्षण, शैक्षणिक तंत्रज्ञान, शैक्षणिक व्यवस्थापन. प्राथमिक कुठंच नाही! मी व्यवस्थापन घेतलं. पहिलीच्या वर्गात बसून मी विद्यापीठांच्या वित्तपुरवठ्यावर स्वाध्याय लिहिलेत.

पण लघुशोधप्रबंध असतो, आणि तिथं आपली चूल मांडता येते. मी मेंढपाळांच्या पोरांवर केला. ती चार महिने कळपाबरोबर जातात, आली की वाचन कुठवर मागं गेलेलं असतं ते मी १४ मुलांचं मांडलं. मार्गदर्शक चांगले मिळाले. पहिल्याच भेटीत माझी वही बघून म्हणाले, "हे सगळं तुम्ही चुका म्हणून लिहिलंय. चुका आहेत का या?" एक पोरगा सगळीकडं 'पानी' लिहायचा. मी लाल पेननं ण करून थकलो होतो. ते म्हणाले, तो घरी काय बोलतो? पानीच बोलतो. म्हणजे जे ऐकतो ते अक्षरात बरोबर उतरवतोय, वाचायला लिहायला शिकण्यातलं अवघड काम त्याचं झालंय. उरलाय तो फक्त पुस्तकी मराठीचा संकेत. त्या दिवसापासून मी पहिलीच्या वह्या वेगळ्या तपासतो. तीन वर्षांच्या अभ्यासातून मला वर्गासाठी मिळालं ते एवढंच, पण ते मला डी.एड.नं दिलं नव्हतं.

दार उघडलं का विचाराल, तर अजून नाही. आहे त्याच शाळेवर आहे.

---

सुटीवरची_शिक्षिका

बंगळूरबद्दल मी सांगते. खासगी अनुदानित शाळेत होते, दोन वर्षं बिनपगारी रजा काढून गेले. निवासी आहे, वय तुमच्याएवढंच होतं आणि वर्गातली बाकी मुलं बावीस-तेवीसची. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात 'मॅम' म्हणून हाक मारली, मी म्हटलं ताई म्हणा. घरचं उत्पन्न बघून शुल्कात सवलत देतात, तो भाग नीट विचारून घ्या.

शिकणं मात्र अस्सल. लहान मुलांचं भाषाशिक्षण, बहुभाषिक वर्ग, तुम्ही जे विचारताय त्यावर तिथं तासन्‌तास बोलणं होतं. सगळं इंग्रजीत. पहिल्या सत्रात मी डिक्शनरी मांडीवर घेऊन रडलेय.

तुमच्या जागी मी असते तर गेले नसते. मुलगा सातवीत आहे म्हणून म्हणत नाही, घर कसंही निभतं. तुमच्या त्या वह्या ज्या वर्गातून येतात त्या वर्गापासून दोन वर्षं लांब राहणं परवडणार नाही म्हणून म्हणते. परत आले तेव्हा मला पाचवीचा वर्ग दिला होता.

---

निवृत्त_अधिव्याख्याता

बाई, मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, सतरा वर्षं होतो. तुम्ही एसटीत जो प्रश्न स्वतःला विचारलात त्याचं उत्तर मी आरशात रोज बघायचो. मी एम.एस्सी., बी.एड., एम.एड. नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि थेट डाएटला येऊन पहिलीच्या शिक्षकांना वाचन कसं शिकवावं ते सांगायला लागलो. आमच्या संस्थेत तेव्हा पहिलीला शिकवलेलं एकही माणूस नव्हतं. ही रीतच आहे. एम.एड. ही बी.एड.च्या डोक्यावर बांधलेली माडी, आणि बी.एड. हायस्कुलासाठी. डी.एड.वाल्यांसाठी वरचा मजला कोणी बांधलाच नाही.

न्या. वर्मा आयोगाचा अहवाल २०१२ चा. तो मुळात महाराष्ट्रातल्याच डी.एड. विद्यालयांना खिरापतीसारख्या दिलेल्या मान्यतांच्या प्रकरणातून सुप्रीम कोर्टानं नेमला होता, हे आपण विसरतो. त्यानंतर आलेल्या २०१४ च्या नियमांत एम.एड.ला दोन विशेष शाखा ठेवल्या, प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत आणि माध्यमिक म्हणजे सहावी ते बारावी. कागदावर तुम्हाला हवं ते आहे. प्रत्यक्षात कॉलेजात जाऊन विचारा, प्राथमिकची शाखा यंदा चालू आहे का, किती विद्यार्थी आहेत, आणि शिकवणाऱ्यांपैकी पहिली-दुसरी कोणी घेतली आहे का. तिसऱ्या प्रश्नाला प्राचार्य चहा मागवतात.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणाचीच एम.ए. सुरू केली होती, थोडे दिवस संस्थेत आणि बाकी घरी राहून. एकलव्य, दिगंतर, होमी भाभा केंद्र ही शिक्षणात काम करणाऱ्या संस्थांची मंडळी त्यात होती. आमच्या ओळखीतले दोघे करून आले आणि त्यांच्याशी बोलताना माझी भंबेरी उडायची. प्राथमिकसाठी वेगळा मजला बांधायचा तो प्रयत्न होता. तिथं आणि इतरत्र आता वाचन-लेखनाचे छोटे अभ्यासक्रमही असतात. फलटणची प्रगत शिक्षण संस्था, पालघरकडं सोनाळ्याची क्वेस्ट, यांचं काम जाऊन बघा. तुमच्या प्रश्नाला पदवीपेक्षा लवकर उत्तर तिथं मिळेल.

डी.एल.एड.ला शिकवायचं असेल तर पदवी लागणारच, त्याला इलाज नाही. माझं मत, टीईटी आधी, मग इग्नू, वर्ग न सोडता, आणि लघुशोधप्रबंध कोरकूवर. माणदेशी गुरुजींनी मांडली तशी चूल.

एक विचारतो, रागावू नका. तुमच्या वहीत शब्द आहेत. पोरं आहेत का? म्हणजे 'ब'पासून सुरुवात केल्यावर कोणतं मूल कोणत्या महिन्यात पहिला शब्द आपणहून वाचलं, आणि 'प'पासून केलेल्या वर्षी काय झालं होतं, याची नोंद?

---

मेळघाटची_बाई

सर, दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण वह्या काढून बसले होते. नाही नोंद. शब्द आहेत ४१२. पोरांची नावं कुठं कुठं आहेत, "सुमनला जमलं" असं लिहिलंय, पण तारीख नाही. आणि सुमन तर आता बारावीत असेल. पंधरा वर्षं मी समजत होते की माझ्याकडं पुरावा आहे. माझ्याकडं फक्त खात्री आहे. वाईट वाटलं, खोटं काय सांगू.

स्पष्टवक्ता दादा, म्हणून वह्या छापता येत नाहीत. आणि गुरुजी, ते 'पानी' वाचून मी जुन्या तपासलेल्या वह्या आठवल्या. लाल पेन बाजूला ठेवलाय.

घरी बोलणं झालं. नवरा म्हणाला, बंगळूरला जायचं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे घरी बसून आहे तर कर. सासूबाईंना वाटतंय मी मोठ्या वर्गाची बाई होणार, त्यांना अजून समजावलं नाही.

तर ठरवलंय असं. येत्या टीईटीपर्यंत रोज पहाटे गणित आणि इंग्रजी. फळापुसणी सर, तुमचा अंदाज बरोबर होता, गणितातच गेले. टीईटी निघाली की इग्नूचा प्रवेश, हिंदीतून. आमच्याकडं हिंदी बाजारात रोजच लागते, अधिगमाशी जमवून घेईन. परवानगीचा अर्ज मात्र आत्ताच टाकते, कारण आमच्याकडून वरपर्यंत कागद जायलाच तेवढा वेळ लागतो.

आणि पहिलीत यंदा नऊ पोट्टी आहेत. त्यातली पाच आईबापाबरोबर कामाला बाहेरगावी गेलीत, होळीला येतील. आमच्याकडं होळीला कोणी बाहेर राहत नाही, पाच दिवस रस्त्यावर फगवा मागत फिरतात. फगवा संपला की त्या पाचांना आणि इथल्या चौघांना एकेकटं जवळ बसवून काय येतं ते तारखेसकट लिहिणार आहे. नवी वही आणली, मधे रेघ मारून दोन रकाने केलेत. एकात पोर काय म्हणालं, दुसऱ्यात मला काय अपेक्षित होतं.

परवानगीच्या अर्जाचा नमुना कोणाकडं असेल तर टाका.

---

फळापुसणी

टाकतो आज रात्री. पीडीएफ दोन एमबीची आहे, टाकीवर चढताना फोन चार्ज करून न्या. सोबत प्रवेशाचं माहितीपत्रक जोडा आणि "शालेय कामकाजात व्यत्यय येणार नाही" हे वाक्य अर्जात घातल्याशिवाय पाठवू नका. ते नसलं तर फाइल तिथूनच परत येते.